मागचा पाय घरात

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकते आहे. कारण विचाराल तर पाय. गेले दोन महिने मांड्या अशा भरून आल्या होत्या की खुर्चीत बसणं आणि खुर्चीतून उठणं हे दोन वेगवेगळे सोहळे झाले होते. आत्याला फोनवर माझं कण्हणं ऐकू गेलं. "पडलीस की काय गं?" असं तिने विचारल्यावर सांगूनच टाकलं की वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी तलवारबाजी शिकायला लागले आहे. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "आप्पा असायला हवे होते."

आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आत्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. आम्ही बोलोन्याला राहतो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. लेक इथल्या शाळेत जाते आणि मैत्रिणीच्या नादाने तिने तलवारबाजीच्या क्लबात नाव घातलं. इटलीत हे फारसं जगावेगळं नाही. ऑलिंपिकमध्ये या देशाला सर्वांत जास्त पदकं याच खेळाने दिली आहेत. आठवड्यातून दोनदा तिला सोडायचं, व्यायामशाळेच्या भिंतीकडेला बाकावर दीड तास बसायचं, मोबाइल चाळायचा आणि परत घेऊन यायचं. अशी मी दोन वर्षं बसले. मग एके दिवशी तिथले मायेस्त्रो (तलवारबाजीच्या शिक्षकाला इथे मायेस्त्रोच म्हणतात, आपल्याकडे तालमीत वस्ताद म्हणतात तसं) माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सिन्योरा, बाक झिजला. गुरुवारी मोठ्यांचा वर्ग असतो."

पहिले तीन आठवडे हातात शस्त्र नाही. नुसता पवित्रा. (किती नेमका शब्द आहे आपला! जगभर ज्याला 'ऑन गार्ड' म्हणतात तो हाच.) दोन्ही टाचा एका रेषेत, पुढचं पाऊल समोर, मागचं काटकोनात, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. असं उभं राहून एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, डोकं वरखाली न करता. अर्ध्या तासात घामाने निथळायला होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती सरकते आहे.

चौथ्या आठवड्यात हातात फॉइल आलं. एकूण लांबी फार तर 110 सेंटीमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आत. इटालियनमध्ये याला फियोरेत्तो म्हणतात, म्हणजे छोटं फूल. पूर्वी टोक बोचू नये म्हणून त्यावर बोंड बसवायचे, ते कळीसारखं दिसे, म्हणून. आणि फॉइलच्या पाठोपाठ आला तो अफोंदो. इंग्रजीत लंज.

या एका हालचालीला मराठीत शब्द नाही, यावर मी बराच विचार केला. झेप म्हणावं तर झेपेत दोन्ही पाय जमीन सोडतात. मुसंडी म्हणावं तर मुसंडीत डोकं पुढे असतं. बाकीच्यांनी आपापल्या परीने बघितलंय. इटालियन अफोंदोमध्ये बुडवण्याचा, खोल घालण्याचा अर्थ आहे. इंग्रजी लंज हा फ्रेंचमधल्या 'लांबवणे'वरून आला. खुद्द फ्रेंच मात्र त्याला फाँत म्हणतात, म्हणजे फट, कारण पाय फाकतात. मला सर्वांत आवडला जर्मन शब्द, आउसफाल. वेढा पडलेल्या किल्ल्याचा दरवाजा अचानक उघडून शत्रूवर तुटून पडायचं, त्यालाही जर्मन हाच शब्द वापरतात. आणि असं बाहेर पडणाऱ्यांनी दरवाजा बंद व्हायच्या आत परत यायचं असतं, हे गडकिल्ल्यांत वाढलेल्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

करायचं काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पवित्र्यात उभं राहून आधी हात सरळ करायचा, टोक समोरच्याच्या छातीकडे. मग पुढच्या पायाची बोटं उचलायची आणि गुडघ्यातून लाथ मारल्यासारखं पाऊल पुढे फेकायचं, टाच जमिनीला जेमतेम घासत. त्याच क्षणी मागचा पाय ताड्दिशी सरळ. खरा जोर तिथून येतो. मागे उचललेला हात खाली पाडायचा, तोल राहावा म्हणून. पुढची टाच आधी टेकते, मग पाऊल. नडगी उभी, गुडघा पायाच्या वर, त्याच्या पुढे नाही नि आत झुकलेला तर मुळीच नाही. आणि मागचं पाऊल? ते जिथे होतं तिथेच. सपाट. जमिनीला खिळलेलं.

माझं घोडं इथे अडलं.

मी हात सरळ करायची, पाय फेकायची, आणि माझं मागचं पाऊल आपलं आपण उचलून पुढे यायचं. दर वेळी. चिडून करा, हळू करा, भिंतीला टाच लावून करा. भिंतीला टाच असली की जमायचं, भिंत काढली की पाऊल पुढे. मायेस्त्रोंनी दोन-तीन गुरुवार बघितलं आणि विचारलं, "याआधी काय खेळायचात?" मी म्हटलं, काहीच नाही. शाळेत लंगडी. ते म्हणाले, "शक्य नाही. ही चूक नवख्याची नाही. नवख्याचं पाऊल घसटतं. तुमचं पडतं. कोणीतरी शिकवलेलं आहे." मग हसून भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "ही मारोत्सोची चाल आहे. तुम्हाला पावणेपाचशे वर्षं उशीर झाला."

भिंतीवर एका जुन्या पुस्तकातल्या चित्राची फ्रेम आहे. दोन वर्षं मी तिच्याखाली बसत होते आणि एकदाही नीट बघितली नव्हती. त्या रात्री घरी येऊन वाचायला बसले, आणि मग वाचतच गेले.

आकिल्ले मारोत्सो हा इथलाच, बोलोन्याचा वस्ताद. त्याचं पुस्तक 1536 सालचं. त्या काळात तलवारीने मुख्यतः वार करायचे, भोसकणं असे पण दुय्यम. दुसऱ्या हातात लहानशी ढाल किंवा खंजीर. त्यामुळे पावलं चालल्यासारखी पडत, डावं, उजवं, तिरकं. त्याच्या पुस्तकात जमिनीवर आखलेल्या वर्तुळावर शिष्यांना पावलं टाकायला शिकवण्याचं एक चित्र आहे. जोरात पुढे जायचं तर मागचा पाय पुढच्याला ओलांडून पुढे. याला इटालियनमध्ये पास्साता म्हणतात. लांब पल्ला मिळतो, पण पोचल्यावर तुम्ही थेट समोरच्याच्या छातीशी. तिथून पुढे झोंबाझोंबी, मनगट धरणं, खंजीर. एकदा गेलात की गेलात.

मग 1553 साली रोममध्ये कामिल्लो आग्रिप्पा नावाच्या माणसाने एक पुस्तक छापलं. हा वस्ताद नव्हताच, इंजिनियर होता. (पुढे रोममधला अजस्र इजिप्शियन स्तंभ संत पीटरच्या चर्चसमोर कसा हलवावा यावरही त्याने 1583 मध्ये पुस्तिका लिहिली. काम मात्र दुसऱ्यालाच मिळालं. इंजिनियर वाचकांना हे दुःख कळेल.) त्याने तलवारबाजीकडे भूमितीसारखं बघितलं. पवित्र्यांची भाराभर काव्यमय नावं बाजूला सारून चारच ठेवले आणि त्यांना आकडे दिले, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. आजही क्लबात आम्ही त्याच आकड्यांची वाढवलेली यादी घोकतो. आणि टोक सरळ रेषेत जातं, पातं वळसा घेऊन येतं, म्हणून भोसकणं जवळचं, हे त्याने मांडलं. वार मागे पडायला लागला.

बोलोन्याच्याच आंजेलो व्हिज्जानीचं पुस्तक 1575 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यात हात वरून नेऊन मारायचा एक लांब खुपसा आहे. अफोंदोचं मूळ बरेच अभ्यासक तिथे बघतात. पण अफोंदो हा अफोंदो म्हणून स्पष्ट सांगितला तो निकोलेत्तो जिगांती या व्हेनिसच्या वस्तादाने, 1606 साली. चार वर्षांनी, 1610 मध्ये, सिएनाला शिकवणाऱ्या रिदोल्फो कापो फेर्रोचं पुस्तक आलं, आणि आमच्या भिंतीवरचं चित्र त्यातलं आहे.

आता मी ते चित्र नीट बघितलंय. माणूस पूर्ण अफोंदोमध्ये, आणि अंगाशेजारी अक्षरं. प्रत्येक अक्षराचा खुलासा दिलाय: पवित्र्यात डावा खांदा इथे होता, डावा गुडघा इथे, हात इथे. आणि आता उजवं पाऊल एवढं पुढे गेलं, डाव्या गुडघ्याने अर्ध्या पावलाची भर घातली. जमाखर्चाच्या वहीसारखं. कुठून किती मिळालं त्याचा हिशेब. तलवार हाताच्या दुप्पट लांब असावी हेही त्याचंच माप. पास्सातेत माणूस अख्खाच्या अख्खा पुढे जातो. इथे एक पाय घरात आहे, आणि तो घरात आहे म्हणूनच बाकीचं अंग इतकं लांब जाऊ शकतं.

पण मला हलवून गेला तो जिगांती. कारण त्याने परत यायचं कसं ते लिहिलंय. आधी डोकं मागे घ्या. डोक्यामागून अंग येतं, अंगामागून पाऊल. पाऊल आधी काढायला गेलात तर डोकं आणि छाती पुढे राहतात, तिथेच, जिथे समोरच्याची तलवार आहे. हे वाचताना एकदम लख्ख झालं की या सगळ्या प्रकरणात नवीन काय होतं. पुढे जाणं माणसाला कायमच येत होतं. जाऊन परत येण्याची सोय करून ठेवणं, हा शोध होता. आजच्या वर्गात परतायचं ते मागचा गुडघा वाकवून आणि पुढच्या टाचेने जमीन ढकलून, पण तत्त्व तेच. मागचा गुडघा वाकवायचा तर मागचा पाय मागे असला पाहिजे ना! माझा पुढेच येऊन बसलेला.

आता आप्पांचं. दादा, तू वाचत असशील तर इथे चुका काढ.

आप्पा कोल्हापूरला तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकवायचे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता. हे संध्याकाळचं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा पट्टा बघायला माणसं गॅलऱ्यांतून लोंबायची. ज्यांनी दांडपट्टा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, कोपरापर्यंतचा लोखंडी खोबणा, त्यात मूठ, आणि पुढे लांबलचक लवलवतं दुधारी पातं. मनगट वळतच नाही, त्यामुळे अख्खा हात आणि अख्खं अंग फिरवावं लागतं. समोरच्याच्या तळहातावरचं लिंबू आप्पा कापायचे आणि लिंबाचा रस तेवढा हाताला लागायचा.

सुट्टीत आम्ही तिकडे गेलो की दादाला आणि दोन्ही आतेभावांना ते घराच्या चौकात शिकवत. मी पायरीवर. मला कोणी 'तू नको' असं म्हटलं नाही. कोणी 'ये' असंही म्हटलं नाही. 1985 ते 90 ची गोष्ट आहे, आणि हे लिहिताना माझ्या मनात आप्पांबद्दल राग नाही, हेही खरं आणि त्या पायरीचा गारठा अजून आठवतो, हेही खरं. (आता कोल्हापुरात मर्दानी खेळात मुलींची पथकं असतात. बघितली की बरं वाटतं, आणि थोडं बरं वाटत नाही.)

आप्पांचा एकच धोशा असे, आणि तो मला तेव्हापासून पाठ आहे: "मागचा पाय मागं राहिला की गडी मेला." पट्टेकरी चारी बाजूंनी घेरला गेलाय असं धरून सगळा खेळ रचलेला. तो एका जागी रुतला की संपला. म्हणून पुढचं पाऊल पडलं की मागचं उचललंच पाहिजे. फिरत राहायचं, पवित्रा मोडायचा आणि पुन्हा बांधायचा. सहा सुट्ट्या मी पायरीवर बसून हे ऐकलं, बघितलं. हातात काठीसुद्धा धरली नाही.

आणि चाळीस वर्षांनी इटलीतल्या एका व्यायामशाळेत माझं मागचं पाऊल उचलतंय. पडतंय, घसटत नाही.

हे ज्या रात्री कळलं त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ रडले. लेक पाणी प्यायला आली नि घाबरली. तिला सांगितलं, गुडघा दुखतोय.

असो.

सतराव्या शतकाचा एक तुकडा आपल्याकडचाही आहे, तो इथेच सांगते. कापो फेर्रोचं पुस्तक आलं त्यानंतर वीस वर्षांनी शिवाजी महाराजांचा जन्म. त्या शतकात युरोपात बनलेली सरळ, लांब पाती जहाजांनी दख्खनेत येत होती आणि त्यांना इथे चांगली मागणी होती. त्या तलवारीचं नावच फिरंग किंवा फिरंगी. पण आपल्या लोकांनी त्या पात्याला मूठ आपली बसवली, खंड्याची, हाताला पुरतं झाकणारी. आणि ती चालवली आपल्या पद्धतीने, डाव्या हातात ढाल घेऊन, पुष्कळदा घोड्यावरून. म्हणजे पातं आलं, पाऊल आलं नाही. आणि ते बरोबरच होतं. अफोंदो ही दोनच माणसं, एकच रेघ आणि सपाट जमीन असली तर कामाची गोष्ट. रणांगणात एक पाय रोवून तुम्ही एकाला गाठाल, तोवर दुसरा बाजूने येईल. आप्पांचं वाक्य आणि जिगांतीचं वाक्य एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोघांचीही लढाई वेगळी होती. हे मी मायेस्त्रोंना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर दांडपट्ट्याचे व्हिडिओ तीन वेळा बघितले आणि शेवटी म्हणाले, "याच्यासमोर मी अफोंदो करणार नाही."

इटालियनांची ही नवी विद्या सगळ्यांना पसंत होती असंही नाही. इंग्लंडात जॉर्ज सिल्व्हर नावाच्या गृहस्थांनी 1599 मध्ये तिच्याविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. लंडनमध्ये दुकान मांडून बसलेल्या इटालियन वस्तादांना त्याने नि त्याच्या भावाने जाहीर आव्हान दिलं आणि ते आलेच नाहीत, हे तो मोठ्या चवीने सांगतो. पण गंमत बघा. हाच सिल्व्हर जेव्हा 'खरी वेळ' आणि 'खोटी वेळ' यांची फोड करतो, तेव्हा म्हणतो की हात पावलाच्या आधी गेला तर वेळ खरी, पाऊल आधी गेलं तर खोटी. जिगांतीही हेच सांगतो. ज्यांचं एकमेकांशी कशावरही जमत नव्हतं, त्यांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं: हात आधी.

कारण साधं आहे. पाऊल आधी टाकलंत तर तुमची छाती समोरच्याच्या टप्प्यात पोचते, आणि तुमचं टोक अजून घरीच. धारेची तलवार असेल तर तिथेच खेळ खलास. आज आमच्या फॉइलच्या टोकाला बटण आहे. 500 ग्रॅमचा दाब पडला की दिवा लागतो, मरत कोणी नाही. पण नियमात ते भूत अजून बसलेलं आहे. दोघांचेही दिवे लागले तर गुण कोणाला? ज्याने हात आधी लांबवून टोकाने धमकावलं, त्याला. दुसऱ्याने आधी ते पातं बाजूला सारायला हवं होतं. जो नियम नवख्याला सरकारी फॉर्मसारखा अनाकलनीय वाटतो, त्याचं मूळ 'जगायचं असेल तर आधी हे कर' एवढंच आहे.

माझा हात आधी जात नसे, हे वेगळं सांगायला नको. कोपर बरगडीला चिकटलेलं. हात लांब केला की पहिला फटका हातालाच बसेल अशी भीती. (फॉइलमध्ये हातावर लागलं तर गुण नसतो. हे मला ठाऊक होतं. माझ्या कोपराला ठाऊक नव्हतं.)

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आवडली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हे शिक्षण सभ्य लोकांच्या घरात शिरलं, हलक्या बोंडाच्या तलवारी आल्या, पण तोंडावर जाळी नव्हती. डोळा जायची भीती कायमची. जाळीच्या मुखवट्याचं श्रेय ला बोएसिएर या फ्रेंच वस्तादाला देतात, तो त्या शतकाच्या उत्तरार्धातला. मुखवटा नव्हता तेव्हा शाळांतून एक शिरस्ता होता. समोरच्याने अफोंदो केला आणि तुम्ही तो अडवलात, तर लगेच उलट मारायचं नाही. तो पवित्र्यात परत जाईपर्यंत थांबायचं. पुढे झुकलेल्या माणसाच्या चेहऱ्यात टोक जाऊ नये म्हणून. म्हणजे काही काळ का होईना, तलवारबाजीत एक रीत अशी होती की आलेल्याला आधी घरी जाऊ द्यायचं. मुखवटा आला आणि ती रीत गेली. खेळ वेगवान झाला, ते बरंच झालं. पण मी मुखवटा घालते तेव्हा कधीकधी ती आठवते.

लेकीला या कशाचंही कौतुक नाही. तिच्या दृष्टीने आईने क्लबात यायचं, पण तिच्याशी बोलायचं नाही. तिच्या खोलीत 2012 च्या लंडन ऑलिंपिकचा फोटो आहे. महिलांच्या फॉइलमध्ये तिन्ही पदकं इटलीची: दी फ्रान्चिस्का, एर्रिगो, व्हेत्साली. तिला मी सांगितलं की ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी 1896 पासून आहे, पण बायकांना फॉइल खेळायला मिळालं 1924 मध्ये, एपे मिळाली 1996 मध्ये आणि सेबर 2004 मध्ये. तिने विचारलं, "तोपर्यंत त्या काय करायच्या?" मी म्हटलं, बाकावर बसायच्या. आणि भवानी देवीचंही सांगितलं. चेन्नईची मुलगी, ऑलिंपिकला पोचलेली भारताची पहिली तलवारबाज. तिने 2021 मध्ये टोकियोत सेबरची पहिली लढत 15-3 अशी जिंकली, मग दुसऱ्या फेरीत हरली. "भवानी म्हणजे ती तलवार?" लेकीने विचारलं. एवढं मराठी शिल्लक आहे म्हणायचं. :)

गेल्या महिन्यात दादाशी व्हिडिओ कॉल झाला. त्याला सगळं सांगितलं, पायरीचंही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला माहितीये का, मी रडायचो. मला नको असायचं ते. तुझ्याकडे बघायचो आणि वाटायचं हिला बरं आहे." मग आम्ही दोघं हसलो. मग त्याने फोन कपाटावर टेकवून ठेवला आणि पन्नाशीच्या पोटाने आप्पांची पावलं करून दाखवली. पहिलं, दुसरं, वळण, पहिलं. मी इकडे तीच केली. एकही चुकली नाही. "तुला कोणी शिकवलं?" तो म्हणाला.

हे झाल्यावर पुढच्या गुरुवारी माझं मागचं पाऊल जागेवर राहिलं असं लिहिता आलं असतं तर पोस्ट छान जमली असती. तसं झालं नाही. दहातली चार राहिली. त्याच्या पुढच्या खेपेला सहा. मायेस्त्रो म्हणतात, ती चाल काढून टाकू नका, कधी ना कधी कोणाला तरी चकवायला उपयोगी पडेल. फक्त ती कधी करायची हे तुम्ही ठरवा, पायाने नाही.

सध्या घरी एक जुना व्यायाम चालू आहे. पुढच्या पायाच्या टाचेखाली नाणं ठेवायचं आणि अफोंदो करताना ते पुढे सटकलं पाहिजे. पाऊल वर उचलून आदळलं तर नाणं तिथेच राहतं, जमिनीलगत गेलं तर सुसाट जातं. मायेस्त्रोंनी पन्नास सेंटचं नाणं सांगितलं होतं. माझ्या पर्समध्ये मागच्या कोल्हापूरच्या खेपेतलं पाच रुपयांचं सापडलं, तेच वापरते. स्वयंपाकघरातल्या फरश्या मोजायला बऱ्या पडतात. सुरुवातीला माझा अफोंदो तीन फरश्यांचा होता, आता चार आणि वर चार बोटं. काल रात्री हात आधी गेला, नाणं थेट फ्रिजखाली गेलं, मी खाली बघितलं तर मागची टाच फरशीच्या त्याच रेघेवर. तशीच थांबले. मग डोकं मागे घेतलं, मग अंग, मग पाय.

नाणं अजून फ्रिजखालीच आहे. नवरा म्हणतो, रविवारी फ्रिज सरकवू.